पार्वतम्माची जागा

बहात्तरच्या दुष्काळात पार्वतम्मा, तिचा मुलगा मल्लिकार्जुन आणि सून शिवकांता उदगीरपासून पाच कोसांवरच्या काळ्या माळावर येऊन उभे राहिले, तेव्हा तिघांकडं मिळून दोन गाठोडी, एक कळशी आणि जात्याच्या दोन दगडांपैकी एकच तळी होती. दुसरी जड झाली म्हणून मल्लिकार्जुननं वाटेत टाकून दिली होती. एका तळीनं काय दळणार, हे पार्वतम्माच्या ओठावर आलं होतं. पण पोराचं तोंड बघून तिनं उरलेली तळी आपल्या डोक्यावर घेतली होती.

गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात अर्धं बोलणं कानडीत, अर्धं मराठीत. पोरगा तिला अव्वा म्हणायचा. गावची विहीर आटली, बैल बाजारात गेले, आणि काळ्या माळावर दगडाची खाण लागलीय, दुष्काळी रस्त्यांना खडी जाते, असं कानावर आलं तशी सगळी उठून निघाली. साठी उलटलेली पार्वतम्मा त्या दोघांच्या मागं राहू नये म्हणून सगळी वाट तोंड मिटून चालली होती.

खाणीचा मुकादम शेषेराव, धोतर खोचून दगडावर बसलेला. त्यानं तिघांकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "राहणार कुठं?"

राहायच्या जागा तीनच होत्या. विहिरीच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची रांग. पाणी जवळ, पण ती फक्त घण मारणाऱ्यांना, एका खोलीत एक जोडपं. दुसरी जागा दीड कोसावरच्या गावातली शाळेची ओसरी. तिथं आधीच साठ माणसं पडलेली आणि पाणी नाही. तिसरा उघडा माळ.

"रांगेत बसून खाणारं माणूस चालत न्हाई," शेषेराव म्हणाला. "काल एकाला काढलं. बघा काय ते, मागं लोक थांबलेत."

मल्लिकार्जुन आईकडं वळला. "अव्वा, तू उदगीरला मठात जाऊन राहा. तिथं दोन घास मिळतेत. आम्ही बस्तान बसवतो आन् आठ दिवसांत तुला न्यायला येतो."

"मी बी खडी फोडंन की."

"तुझ्यानं व्हायचं न्हाई."

शिवकांता कळशीच्या काठावरून बोट फिरवत उभी होती. खडीचा ट्रक उदगीरला निघाला होता. मल्लिकार्जुननं आईला दोन्ही बगलांत धरून खडीवर चढवलं. ट्रक हलला तेव्हा त्यानं हातही केला नाही, कारण तोवर शेषेराव त्याच्या हातात घण देत होता.

मठात माणसांचा पूर आलेला. रोज एक वेळ पंगत, तीही रांगेत उभं राहून. पार्वतम्मानं आठ दिवस मोजले. मग म्हणाली, कामातून सुटला नसेल. तेराव्या दिवशी तिनं गाठोडं उचललं आणि पाच कोस चालत निघाली. वाटेत कुठं झाड नव्हतं. होती त्यांचा पाला माणसांनी जनावरांसाठी ओरबाडून नेलेला. दुपार कलताना ती खाणीवर पोचली. पायाच्या टाचा फुटून रक्त येत होतं.

मल्लिकार्जुन खोलीच्या दारात बसून भाकरी खात होता. दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. आईला बघितलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला. नेमका तेव्हाच शेषेराव रांगेतून येत होता.

"ही कोण रं?"

मल्लिकार्जुननं घास गिळला. "गावची हाय. वळखीची."

चुलीपुढं बसलेल्या शिवकांतानं मान वर केली नाही. भाकरी थापणारे तिचे हात तेवढे थांबले, आणि परत चालू झाले.

शेषेरावनं म्हातारीला विचारलं, "खरं का?"

पार्वतम्मानं पोराकडं पाहिलं. तेरा दिवसांत त्याच्या गालाची हाडं वर आली होती. आपण खरं बोललो तर आजच्या आज याची खोली जाते, एवढं तिला कळत होतं.

"हाव," ती म्हणाली. "गावचीच हाय. मला काम पायजे."

"आन् राहणार कुठं?"

तिनं सगळा माळ नजरेनं धुंडाळला. पार पलीकडच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, दगडी भिंतींची एक ठेंगणी खोली होती. वर पत्रा, दाराला मोठं कुलूप आणि लाल रंगात लिहिलेली पाटी. ती बारूदकोठी. सुरुंगाची दारू तिथं ठेवायचे. तिच्या भिंतीला चार हात सावली पडली होती आणि त्या सावलीत कुणी म्हणजे कुणी बसलेलं नव्हतं.

"तिथं राहते."

शेषेराव हसला. "मरायचं हाय का? बरं, राहा. पण चूल पेटवायची न्हाई. दिवा न्हाई. काडीपेटी जवळ दिसली तर त्याच दिवशी हाकलीन."

अशी पार्वतम्मानं आपली जागा निवडली. दोन वर्षं ती त्या भिंतीला राहिली आणि दोन वर्षांत तिनं स्वतःची चूल पेटवली नाही. पंचफुला नावाची एक वडाराची बाई होती, ती आपल्या चुलीवर हिची भाकरी भाजून द्यायची. गार झालेली भाकरी घेऊन ही भिंतीशी येऊन खायची. थंडीत अंगावर गोणपाट. रोज सकाळी लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पाण्याऐवजी नुसती विभूती लावायची, आणि खडीवर जाऊन बसायची. पहिल्या महिन्यात डाव्या हाताचं एक बोट घणाखाली गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात दगडाची कपची उडून एक डोळा गेला. तिची खडीची पाटी भरायला तरण्या बायकांच्या दुप्पट वेळ लागायचा, पण ती भरायची.

पोरगा तिच्यापासून शंभर पावलांवर काम करायचा. समोरासमोर आले तर मान खाली घालून जायचा. एकदा तिला ताप भरला. तशीच काठी टेकत ती रांगेकडं गेली आणि शिवकांताला म्हणाली, "चुलीवर थोडी पेज करून देतीस का?" शिवकांतानं आधी इकडं तिकडं पाहिलं, मग दाराला फळी लावून घेतली. आतून आवाज आला, "लोक बघून राहिले, अत्ती. जावा." सासूला ती अत्ती म्हणायची. त्या दोन वर्षांत तो शब्द पार्वतम्माच्या कानी पडला तो एवढा एकदाच, तोही बंद फळीआडून.

त्र्याहत्तर साली मृग बरा लागला. एका सकाळी पार्वतम्मा खडीवर आली तर मल्लिकार्जुनची खोली उघडी, आत चुलीची राख आणि जात्याची ती एक तळी. पंचफुलाला तिनं विचारलं.

"गेली की पहाटंच. पेरणीला. तुला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं होतं," पार्वतम्मा म्हणाली. "माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

मग वर्षभर ती वाटेकडं डोळा लावून बसली. पोरगा नाही, पण गावचा अण्णाराव आला. लाकडाची गाडी घेऊन चालला होता, पाण्याला थांबला. समोर पार्वतम्मा दिसताच त्याच्या हातातला तांब्या पडला.

"तू... पार्वतम्मा?"

"मग कोण?"

अण्णारावनं तिचा हात चाचपून बघितला. "बाई, तुझं तर जेवण घातलं. मल्ल्यानं सांगितलं, दुष्काळात उदगीरला मठात मेलीस म्हणून. जंगम बोलावले, गाव जेवलं. मी स्वतः जेवून आलो."

"काय केलं होतं जेवणाला?"

"आँ? हुग्गी, गुळाची खीर."

"गव्हाची?"

"हाव."

मग अण्णारावनं मान खाली घालून उरलेलं सांगितलं. तिच्या बापानं तिला दिलेलं चार एकर रान, जे तिच्याच नावावर होतं, ते वारसानं मल्लिकार्जुनच्या नावावर चढलं होतं, आणि त्यानं ते विकूनही टाकलं होतं. म्हणजे ती घाईनं मेली नसती, तर रान विकता आलं नसतं.

"चल माझ्याबरोबर," अण्णाराव म्हणाला. "पाटलाफुडं उभी करतो तुला. खडी फोडणारा जित्ता माणूस मेला कसा म्हणतेत, बघू."

"तिथं कुणाच्या घरी उतरू?" तिनं विचारलं.

अण्णारावनं पडलेला तांब्या उचलला. तो गाडी हाकत निघून गेला.

त्यानंतर पार्वतम्मा बदलली, असं माळावरची जुनी माणसं सांगतात. दुष्काळ सरला तरी खाण चालू राहिली. ठेकेदार बदलले. बारूदकोठी खाली ओढ्याकडं नेली आणि तिच्या जुन्या दगडी खोलीत पार्वतम्मा राहायला गेली. पहिल्या दिवशी तिनं आत चूल मांडली आणि विनाकारण तीनदा पेटवून विझवली. हातानं काम होईना तसं नव्या ठेकेदारानं तिला रांगेच्या किल्ल्या दिल्या. कुणाला कुठली खोली द्यायची ते तिनं ठरवायचं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि माळाचं नशीबच फिरलं. कचेऱ्या, रस्ते, पूल, सगळ्याला खडी पाहिजे. दिवसाला वीस वीस ट्रक. मुखेड, देगलूर, बिदरकडून माणसं यायला लागली. पत्र्याच्या चाळीस खोल्या झाल्या, चहाची टपरी झाली, एक खानावळ झाली. आलेला प्रत्येक माणूस आधी एका डोळ्याच्या म्हातारीपुढं उभा राहायचा. ती दया दाखवणारी नव्हती. लेकुरवाळ्या बाईला तिनं पाण्यापासून सगळ्यात लांबची खोली दिली होती, कारण ती बाई भांडली होती. मुखेडचा सटवाजी आपल्या बापाला लांब रस्त्यावर बसवून एकटाच खोली मागायला आला, तर हिनं सगळ्या बाया गोळा केल्या, बापाला हाताला धरून आणलं आणि सटवाजीला सगळ्यांदेखत विचारलं, "हा तुझा कोण?" तो "बाप" म्हणाला, तर म्हणाली, "ऐकू आलं न्हाई." त्याला पाचदा म्हणायला लावलं. तो रडायला लागला तरी थांबली नाही. खोली दिली, पण त्या दिवसापासून बाप पोराशी बोलेनासा झाला.

त्याच हिवाळ्यात मल्लिकार्जुन आला. सोबत शिवकांता आणि नऊ वर्षांची पोर, शरणम्मा. रानाचे पैसे कधीच सरले होते. पार्वतम्मा खोलीपुढं ज्वारी पाखडत होती. पावलांवरूनच तिला कळलं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

दहा वर्षं ती या माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबली होती. तो ओठ आवळून उभा राहील, दुसऱ्याकडं बघेल, गावची म्हणून ओळख सांगेल, असं तिनं मनात हजारदा रंगवलं होतं. तसं काहीच झालं नाही. मल्लिकार्जुननं धावत येऊन तिचे पाय धरले आणि सगळी रांग गोळा होईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "अव्वा! अव्वा गं!"

बाया डोळे पुसायला लागल्या. पार्वतम्मा त्याच्या पिकलेल्या टाळूकडं बघत राहिली. एवढा सोपा होता का हा शब्द, तिच्या मनात आलं. खोलीची गरज पडली तसा सुटून आला.

"खोली देते," ती म्हणाली. "पण एक करायचं. उद्या माझ्यासंगं गावाला चलायचं. पारावर उभं राहून सांगायचं, ही माझी आई, ही जित्ती हाय."

"येतो की, अव्वा. आजच चल म्हणलीस तर आज येतो."

दुसऱ्या दिवशी दोघं खडीच्या ट्रकनं उदगीरच्या स्टँडवर उतरली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, कपाळभर विभूती ओढली होती. मल्लिकार्जुननं तिला बाकड्यावर बसवलं. "हितंच बस. गाडीची चौकशी करून येतो."

गावाकडची पहिली गाडी लागली, भरली, गेली. ती उठली नाही. पोरगा परत येणार नाही, हे तिला पहिल्या घटकेतच कळलं होतं. तरी दुसरी गाडी जाईपर्यंत ती बसून राहिली. एका कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुठं जायचं?"

"खाणीवर," ती म्हणाली.

ऊन उतरायला ती माळावर परतली. शिवकांता खोलीपुढं पोरीचे केस विंचरत होती. म्हातारीला एकटीच येताना बघून तिच्या हातातली फणी थांबली.

"ते कुठं हायत?"

"तुला ठाऊक असंल."

"न्हाई, अत्ती. लिंगाची आण. मला गावाहून परत येतो म्हणले." तिनं पोरीला जवळ ओढलं. मग तिच्या तोंडून आलं, "पेटीतलं माझं डोरलं न्हाई. सकाळपासून हुडकून राहिले."

पार्वतम्मा तिच्याकडं बघत उभी होती. हिला आता कळतंय, असं वाटून तिच्या काळजात एक गार सुख पसरलं. ते तिला आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःची शिसारीही आली. ती आपल्या दगडी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मल्लिकार्जुन पुन्हा दिसला नाही. कुणी म्हणालं नांदेडला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करतो, कुणी म्हणालं तिथं दुसरं घर केलंय. शिवकांता खाणीवरच राहिली. घण मारायला लागली. रोज सकाळी एक भाकरी फडक्यात गुंडाळून सासूच्या उंबऱ्यावर ठेवायची. पार्वतम्मा ती भाकरी उचलून आत न्यायची, खायची, पण पाच वर्षांत ती सुनेशी एक शब्द बोलली नाही. शरणम्मा अंगणात खेळायला आली तर तिला गूळ द्यायची. पोरीनं "आज्जी" म्हटलं की म्हणायची, "मला पार्वतम्मा म्हण."

सत्त्याऐंशीच्या चैत्रात पार्वतम्मा वारली. तिच्या लोकांत माणसाला पुरतात, बसवून, म्हणून खड्डा खोल लागतो. माळावर माती वीतभर आणि खाली सगळा काळा दगड. शिवकांता ठेकेदाराकडं एक सुरुंग मागायला गेली. तो म्हणाला, मेलेल्या माणसासाठी दारू वाया घालवता येत नाही. तेव्हा चार गड्यांनी पहारी घेतल्या. सकाळपासून खणत राहिले, गुडघाभरच खोल गेलं. गडी दमून बसले, तसा शिवकांतानं पदर खोचला, खड्ड्यात उतरली आणि पहार उचलली.