सातव्या भागाचा शेवटचा फर्मा

आक्काला मी बावीस वर्षं ओळखते. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात ती फर्मे जुळवते, मी कव्हरं चिकटवते. फर्मा म्हणजे छापून घडी घातलेली सोळा पानं. खाली आकडा असतो, त्या क्रमानं लावले की झालं पुस्तक.

आक्काला वेड एकच, कंदीलवालीच्या गोष्टींचं. धुक्याच्या शहरातली ती बाई खुनी शोधते. तिच्या कंदिलापुढे खोटं बोलणाऱ्याची सावलीच पडत नाही. सहा छोटी पुस्तकं झाली, पण तिच्या भावाला कुणी मारलं, ते लेखिकेनं काही सांगितलं नाही. छळच की! आक्का ती आईला वाचून दाखवायची, कारण आईची नजर गेलेली. करार असा, की आक्कानं एकटीनं एक ओळही पुढची वाचायची नाही. आईचा संशय न्यायाधीशावर, आक्काचा नावाड्यावर. दोन वर्षं दोघी सातव्या भागाची वाट बघत होत्या.

आणि तो आला आमच्याच टेबलावर.

आक्का डोळे बारीक करून नुसते आकडे बघत होती. मला हसू आवरेना. पण आकड्यावरची ओळ दिसतेच ना! एकदम तिचा हात थांबला.

"पाचव्या फर्म्यात नावाड्याला पुरलंय," ती म्हणाली, "आणि सहाव्यात तो हसतोय."

फोरमन खेकसला, "भुताखेतांचं पुस्तक आहे बाई, मेलेले हसणारच! आकड्याप्रमाणं लाव. चारला गाडी येतेय."

"या गोष्टींत मेलेला परत येत नाही. सहा भागांत एकदाही नाही."

ताडून बघायला दुसरं काही नव्हतं. पानांवर पानक्रमांकाऐवजी छोटा कंदील छापलेला, आणि प्रत्येक फर्म्यात एक अख्खं प्रकरण. छापखान्यात फोन कुणी उचलेना.

"मग वाच आणि सांग," फोरमन म्हणाला. "चुकलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

"मी वाचते," मी म्हटलं.

"तुला मागचे सहा भाग कुठं ठाऊक आहेत?" आक्का म्हणाली.

"मग मरू दे ना! छापखान्याची चूक, छापखाना निस्तरेल. तू कशाला जीव जाळतेस?"

"दोन हजार लोकांच्या हातात उलटी गोष्ट जाईल गं," आक्का म्हणाली, आणि शेवटचे दोन्ही फर्मे उभ्यानंच वाचायला लागली. गाडी दारात येऊन उभी राहिली.

"आधी सहावा, मग पाचवा," तिनं डोळे पुसले.

तेवढ्यात फोन लागला. छापखान्यानं आकड्यांची चूक कबूल केली. फोरमननं साधं शाब्बास म्हटलं नाही, मेल्यानं.

संध्याकाळी एक प्रत घेऊन मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. एकटीनं जायचा तिला धीरच होईना.

"आलं का?" रोजच्यासारखं विचारत आई खाटेवर सरसावून बसली. "पुढचं वाचलं नाहीस ना?"

"छे गं!" आक्का दिव्याजवळ बसली. मी उगाच भिंतीवर तिची सावली शोधली.

दुसऱ्याच पानावर नावाडी आला. आईनं हात वर केला.

"थांब. एरवी त्याचं नाव आलं की तू चवताळतेस. आज आवाज एवढा मऊ कसा?"

आक्काला रडूच फुटलं. तिनं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही म्हातारी काही हिला माफ करत नाही.

"ठेव ते पुस्तक," आई शेवटी म्हणाली. "पहिला भाग काढ. सातव्याला येईपर्यंत तू विसरशील. नाहीतर मी तरी विसरेन, की तुला ठाऊक आहे."