कोणी बघत नसताना

लाल मिरचीचा ठसका लागला की मला नंदुरबारची ती पथारी आठवते, मिरची वाळवायचं मैदान. तिथल्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचे. मी जेवायला उठले की मागे त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. एकदा शेठ दारातूनच ओरडले, "पोरी, गेम चालू ठेईसन जास का तू?" नोकरी जाते की काय, म्हणून मी डबा टाकून धावले, माउस हलवला आणि कामाचा भार दाखवणारी खिडकी उघडली. पंखा गप्प, भार दोन टक्के! माउसवरून हात काढून शेठ आणि मी बघत बसलो, तर थोड्या वेळाने पुन्हा घरघर. दारापाशी मिरच्यांचे देठ खुडणारी मावशी म्हणाली, "शेठ, आम्ही तुम्हले देखीसन कामले लागतस, हाई बिचारं कोनी देखत नही तवय काम करस!" शेठ इतके हसले की त्यांनाही ठसका लागला. रिकामा वेळ मिळाला की कॉम्प्युटर आतली साफसफाई उरकतो, हे मला पुढे कळलं. आता मी घरून काम करते आणि माउस हलला नाही की साहेबांना त्यांच्या स्क्रीनवर मी रिकामी दिसते. काल पंखा घरघरला, तेव्हा मी मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसले. म्हटलं, दिसू दे रिकामी, कॉम्प्युटरचं तरी काम होऊ दे.