‘काळी’ची अठरा मिनिटं

सहा वर्षांत आमच्या बँडची गाणी झाली तीन. किस्से किती झाले ते विचारू नका! गाणं बसवावं लागतं, किस्सा आपोआप बसतो. चार डोकी आणि बेभरवशाची लाईट असली की झालं.

आधी डोकी सांगतो. उद्धव वायरमन, म्हणजे खरोखर पोलावर चढणारा. तो गिटार वाजवतो आणि गाणी रचतो. ड्रमवर औंढा नागनाथचा बाळू. घरात देवळाची सेवा, हात लहानपणापासून नगाऱ्यावर तयार झालेला. बेस आणि गळा साखऱ्याच्या गजूचा. प्रॅक्टिस त्याच्याच आखाड्यात, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. चौथा मी. सेनगावात मेडिकल चालवतो आणि की-बोर्ड वाजवतो.

तिसरं गाणं म्हणजे ‘काळी’, आमच्या काळ्या रानावर रचलेलं. अठरा मिनिटांचं! उद्धवनं त्यात दोन वर्षं घातली. असं गाणं आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी रचलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण लोकांसमोर ते शेवटपर्यंत एकदाही वाजलं नव्हतं. आणि यंदा उद्धवच्या बदलीची ऑर्डर आली, थेट कोकणात. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

*

मेडिकलवर एक रिटायर्ड गुरुजी बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. एकदा म्हणाले, "तुमी पोरं नेमकं काय वाजवून राहिले?"

मी हार्ड रॉक, हेवी मेटल, प्रोग्रेसिव्ह असं सगळं सांगायला लागलो. गुरुजींचं बीपी वाढताना मला दिसत होतं! तेवढ्यात उद्धव आला.

"गुरुजी, हार्ड रॉक म्हंजे सरळ डांबरी रोड. हेवी मेटल म्हंजे त्याच रोडवर सोयाबीन भरून चाललेला ट्रक. आन् प्रोग्रेसिव्ह म्हंजे त्या ट्रकाला घाट लागला."

"मंग तुमी कुठं हाये?"

"आमी घाटातच."

गुरुजींनी गोळ्या खिशात टाकल्या. "ब्रेक चेक करत जा," म्हणाले आणि गेले.

*

गजू खालच्या आवाजात गुरगुरत गातो. मेटलमध्ये तसंच गातात, पण शेजारच्या किसनरावांना हे कोण सांगणार? एके दिवशी ते आखाड्याच्या दारात येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता तक्रार!

"गजू, तू ज्या दिवशी वरडतो, त्या दिवशी डुक्कर माझ्या भुईमुगात येत न्हाई. मला मोबाईलवर भरून दे."

दिलं भरून. त्यांनी बांधावर स्पीकर लावला. आठ दिवसांनी पडलेल्या चेहऱ्यानं परत आले.

"डुकरं गेली. पण आता रोही येऊन राहिले."

"नीलगायी? खाऊन राहिल्या का?" गजूनं विचारलं.

"खात न्हाईत रे! उभं राहून ऐकतेत. भुईमूग तुडवल्या जातो न्हवं!"

*

आखाड्याला लागून हळदीचं रान आहे. तिथं बायांची टोळी येते, एकेक पात म्हणजे ओळ धरून खुरपत जाते आणि शांताबाई मावशी त्या टोळीच्या म्होरक्या. दोन वर्षं ‘काळी’ त्यांच्या कानावर पडत होती, त्यांची इच्छा असो नसो.

एकदा गाणं मधेच बिघडलं म्हणून आम्ही थांबलो. दारात शांताबाई, हातात खुरपं!

"काहून थांबले?"

"चुकलं मावशी. परत पहिल्यापासून घेतो," उद्धव म्हणाला.

"पात अशी अर्धी सोडत नसतेत. तुमचं गाणं सरतं तवा आमची पात सरते. आता आमी कुठं थांबावं?" मग बाळूकडं वळून म्हणाल्या, "आन् तू येक खाल्ला."

बाळूला हे झोंबलं. "मावशी, म्या आजवर येक मात्रा खाल्ली न्हाई!"

मोबाईलवर रेकॉर्डिंग होतं. तीनदा लावून ऐकलं. खाल्ली होती! त्या दिवसापासून गाणं सुरू करण्याआधी बाळू दारातून डोकावून बघायचा, बाया पातीच्या कुठल्या टोकाला आहेत ते.

*

‘काळी’त अकराव्या मिनिटाला आम्ही सगळे एकदम थांबतो. मनात सात मोजायचे आणि आठव्याला चौघांनी मिळून तुटून पडायचं. गाण्याचा सगळा जीव त्या शांततेत आहे. पण हे निवेदकाला कोण सांगणार?

औंढ्यात गणपतीचा कार्यक्रम होता. आम्ही थांबलो आणि माईकवर आवाज आला, "आता कलाकारांचा सत्कार!" तिसऱ्या मात्रेला पाहुणे स्टेजवर आले. पाचव्याला बाळूच्या डोक्यावरून शाल आली. सातव्याला उद्धवच्या हातात नारळ! आणि आठव्याला बाळूनं शालीच्या आतून असा काही दणका दिला की पाहुणे दोन पावलं मागं सरकून हारांच्या टोपल्यात बसले.

त्यानंतर भाषणं झाली. गाणं राहिलं. मला रडू यायचं बाकी होतं आणि उद्धव मात्र खूश! "अंगावर शाल असून आठवा बराबर मारला, बघितलं का? याला म्हंतेत ड्रमर!"

*

कनेरगाव नाक्याला गजूच्या मावसभावाचं लग्न होतं. ट्रॉलीवर जनरेटर, आम्ही चौघं, पुढं वरात. तासभर लोकांच्या आवडीचं वाजवलं. मग उद्धवला राहवेना. हळूच त्यानं ‘काळी’ घुसवली.

‘काळी’ चालते सात मात्रांत. माणसाला पाय दोन! नाचणारे आधी अडखळले, मग जागच्या जागी गोल फिरायला लागले. नवरदेवाचा मामा ट्रॉलीजवळ येऊन कळवळून म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात येक पाय उरून राहिला. ठेवू कुठं?"

या गोंधळात घोडा आपला पुढं निघून गेला. मांडवाच्या दारात नवरदेव एकटाच पोचला. नवरीकडच्यांनी विचारलं, "वऱ्हाड कुठंय?"

नवरदेव म्हणाला, "येऊन राहिलं, मोजत मोजत."

*

एक किस्सा हसण्याचा नाही, तरी सांगतो. हिंगोलीला कॉलेजचं गॅदरिंग होतं. पोरं तल्लीन होऊन ऐकत होती. नवव्या मिनिटाला उद्धवचा फोन वाजला; एका गावात तार तुटली होती. त्यानं गिटार खाली ठेवली आणि निघाला.

मी चिडलो. "आज पुरं होणार होतं रे!"

"गाणं थांबलं तर कोणी मरत न्हाई. शेतात तार पडली तर मरतं," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

त्या क्षणी मला त्याचा राग आला होता. आज अभिमान वाटतो.

*

आणि आता निरोपाचा कार्यक्रम. साखऱ्याला, शाळेसमोरच्या मांडवात, दुपारी चारला. जनरेटर ठेवलाच नव्हता. वायरमनच्या कार्यक्रमाला जनरेटर कसला! शांताबाईंची टोळी रानातून तशीच आली आणि खुरपी मांडीवर घेऊन पुढंच बसली.

‘काळी’ सुरू झाली. दहाव्या मिनिटाला लाईट गेली.

गिटार, बेस, की-बोर्ड, माईक, सगळं मुकं झालं. एकटा बाळू वाजवत राहिला. अख्ख्या मांडवानं उद्धवकडं बघितलं. सवयीनं त्याचा हात गिटारच्या पट्ट्याकडं गेला. तेवढ्यात त्याच्या जागी आलेला नवा वायरमन उठला. "तुमी थांबा साहेब. आज मी जातो."

तो गेला. पण वाजवायचं कशावर? उद्धव मेलेली गिटार धरून नुसता उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

आणि खालून आवाज आला, "ढण, ढणण, ढण..."

शांताबाई! उद्धवची गिटार त्या तोंडानं म्हणत होत्या. मग शेजारची बाई. मग अख्खी टोळी, खुरप्यांच्या मुठी जमिनीवर आपटत, सात सात मोजून. गजूला तर माईकची गरजच नसते. उद्धव आणि मीही तोंडानं म्हणायला लागलो.

अकरावं मिनिट आलं. सगळ्या बाया एकदम थांबल्या. मांडवात चिडीचूप.

निवेदक शाल घेऊन पुढं झाला.

शांताबाईंनी मान न वळवता हात वर केला. "थांब रे! तीनच झाले!"

तो एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. आणि आठव्याला विसेक बाया आणि बाळू असे काही तुटून पडले की मांडवाचे बांबू हलले. आम्ही तिघं मात्र उशिरा आलो. तोंडं उघडीच राहिली होती ना!

अठराव्या मिनिटाला ‘काळी’ संपली. लाईट अजून आलेली नव्हती.

उद्धव स्टेजवरून उतरला, डोळे पुसत शांताबाईंसमोर जाऊन वाकला. "मावशी, पुरं झालं ना?"

"झालं पुरं," शांताबाई म्हणाल्या. "फकत त्यानं येक खाल्ला."

आम्ही सगळ्यांनी बाळूकडं बघितलं. त्यानं काड्या काखेत धरल्या आणि मान खाली घातली.

"खाल्ला, मावशी."