खिडकीवहिनींची जलद गाडी

आमच्या थोरल्या जाऊबाई स्टेशनवर तिकिटं देत. सगळं उपनगर त्यांना खिडकीवहिनी म्हणे. स्टेशन कसलं, आधी नुसती पत्र्याची शेड होती. मग पूल आला, नळ आला, बायकांसाठी खोली आली (कडी आतून लागत नसे, म्हणून एकीनं बाहेर पहारा द्यायचा) आणि शेवटी एकुलती एक खिडकी. तिच्यात पहिल्या दिवसापासून जाऊबाई. जलद गाड्या मात्र धूळ उडवत निघून जात. अर्ज करकरून सकाळची एक थांबायला लागली, तीही प्रायोगिक तत्त्वावर.

प्रयोग संपत आला आणि कळलं, मोजणीसाहेब येणार. चढणारी माणसं पुरेशी दिसली नाहीत तर थांबा रद्द, खिडकीला कुलूप आणि जाऊबाईंची बदली थेट मार्गाच्या शेवटच्या टोकाला. तिथून रोजचं घरी येणं अशक्य, म्हणजे खोली घेऊन एकटीनं राहायचं. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं.

जाऊबाई हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. "घरटी दोन माणसं पाठवा. जलद गाडीत चढायचं, बस्स."

"चढून जायचं कुठे?" न्हाव्यानं विचारलं.

"मसणात जा, पण तिकीट काढून! फुकट्यांना मी माझ्या स्टेशनातून चढू देणार नाही."

घोळ इथेच झाला, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात तो आला नाही. त्या सकाळी अख्खं उपनगर ठेवणीतले कपडे घालून लोटलं. खिडकीपासून सायकलस्टँडपर्यंत नुसती खिदळणारी रांग. आणि आत जाऊबाई, रोजच्यासारख्या, नियमानं.

"कुठलं देऊ?"

"कुठलंही द्या हो," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"कुठलंही नावाचं स्टेशन नाही. एकेरी की परतीचं?"

"परतीचं! सासूबाईंना भाजी आणते सांगून आलेय."

"बरं. पण परत यायचं कुठून?"

काकूंना ठरवता येईना. मागून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे समुद्र बघा. न्हावी म्हणाला, "माझ्या मेहुण्याकडे जा, माझी शिडी त्यानं दाबून ठेवलीय, तेवढी घेऊन या."

पुढे भाऊजींचा नंबर लागला.

"कुठलं?"

"तू नेशील तिथलं."

"ते या मार्गावर नाही. बाजूला व्हा, ठरवून या."

मी ओरडले, "जाऊबाई, सगळ्यांना पुढचं स्टेशन द्या आणि मोकळं करा!"

"रांगेत बोला. घरच्यांना वेगळी सवलत नाही."

तेवढ्यात जलद गाडी आली. फलाटावर मोजणीसाहेब आणि एक कुत्रं. गार्डनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शिट्टी फुंकली. गाडी गेली.

मग न्हावी भडकला, आणि खरोखरच भडकला. आपण नाटकातले प्रवासी आहोत हे गडी साफ विसरला. "माझी गाडी चुकली!" झालं, सगळ्यांनाच आपापली गाडी चुकल्याचं पटलं. साहेब आत येताच रांगेनं त्यांना घेरलं. "एवढ्या माणसांना एक खिडकी?" "अन्याय आहे!" शिंपीणकाकू तर रडकुंडीला आल्या, "आता शिडी कशी आणू मी?"

साहेब कसेबसे खिडकीशी पोचले. "बाई, मी..."

"रांगेत या," जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या.

आणि साहेब खरंच मागे जाऊन उभे राहिले! जाता जाता त्यांनी रांग मोजली. उन्हात ताटकळले, घामाघूम झाले. नंबर आल्यावर विचारलं, "रोज एवढी गर्दी असते?"

"छे! आज जास्त आहे."

पण साहेबांचे पाय बोलत होते. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सांगून टाकलं, थांबा कायम, वर दुसरी खिडकी.

"दुसरी?" जाऊबाई उखडल्या. "या खिडकीला काय धाड भरलीय?"

कुणी ऐकलं नाही. तिकिटं वाया घालवायची नाहीत म्हणून मंडळी पुढच्या धिम्या गाडीत हसत, ढकलत, मेहुण्याचा पत्ता विचारत चढली आणि गेली.

भाऊजी तेवढे खिडकीशी उरले.

"ठरलं का मग?"

"ठरलं. इथलंच दे."

"इथून इथलं निघत नाही."

"मग फलाटाचं दे."

जाऊबाईंनी दिलं. शिक्का मारून.