होडीवरची वाकडी पेनं

रेल्वेच्या कारखान्यात मी जन्मभर टर्नर होतो. माझ्या लेथवरून निघालेला तुकडा केसभरही इकडचा तिकडे होत नाही, असं मीच सगळ्यांना सांगायचो. दुसरं कुणी सांगत नव्हतं म्हणून. रिटायर झालो आणि झाशीच्या नगरा भागातल्या घरी, गच्चीवर लेथ टाकून लाकडी पेनं कातू लागलो. तिथवर ठीक होतं. पण एकदा फोनवर एका परदेशी गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. तो कालव्यात होडीवरच राहतो, गावोगाव फिरतो आणि जाता जाता पेनं बनवतो. मी स्वतःलाच म्हणालो, श्रीकृष्णा, तू गच्चीवर बसून काय करतोयस?

"अहो, झाशीत नळाला पाणी येत नाही, तुम्ही होडी कुठे घालणार?" बायकोनं, इंदुमतीनं, विचारलं.

घातली परीछाच्या धरणात. कमल नावाच्या मच्छीमाराकडून जुनी रुंद होडी घेतली, बिजौलीतून तिच्यासाठी पत्र्याचं छप्पर करून आणलं आणि शिलाई मशीनसारखा पायानं चालणारा छोटा लेथ आत ठोकला. इंदुमती स्टोव्ह आणि पोहे घेऊन सोबत आली. प्रेमानं नव्हे, "तुम्हाला पोहता येत नाही," म्हणाली. तिलाही येत नाही.

वल्हं कमल मारायचा. आज या गावचा काठ, उद्या त्या. मी ऐटीत लेथपुढे बसलो, पाय चालवला, आणि होडी डुलली. मी डावीकडे, तर पटाशी उजवीकडे. जोर लावावा तितकी होडी जास्त हलायची.

"दद्दा, पेन बना रए के हमाई नाव डुबा रए?" कमलनं विचारलं.

पहिलं पेन मधेच फुगलेलं, एका बाजूनं दबलेलं निघालं. पुढची सगळी त्याचीच भावंडं. काठावरच्या बाया ती उलटसुलट करून विचारायच्या, "जौ लट्टू आय का?" भोवरा आहे का, म्हणून.

वैतागून मी ती पाण्यात भिरकावणार, तेवढ्यात इंदुमतीनं त्यातलं एक उचललं. संधिवातानं तिची बोटं आखडलेली. बारीक पेन निसटतं म्हणून तिनं लिहिणंच सोडलं होतं. तिनं पोह्यांच्या पुड्यावर सावकाश लिहिलं, 'मीठ आणा.' मग हाताकडे बघतच राहिली.

"अहो, हे निसटत नाही."

मला एकदम भरून आलं. तरीही मी म्हणालो, "मुद्दामच तसं केलंय."

"काहीतरीच!" ती म्हणाली, पण पेन काही तिनं सोडलं नाही.

घरी परतल्यावर सीपरी बाजारातल्या ओळखीच्या क्षमाताईंनी इंदुमतीच्या हातातलं पाहून तसलंच पेन मागितलं. त्यांचीही बोटं तशीच. मी गच्चीवरच्या लेथवर बसलो. पेन सरळ! दुसरंही सरळ! डोळे मिटून कातलं, बोट कापून घेतलं, तरी सरळच. मेला हात ऐकेना. शेवटी शरमेनं कमलला फोन लावला.

आता आम्ही अधूनमधून धरणावर जाऊन राहतो. मी कातत असलो की कमल होडी मुद्दाम हलवतो आणि काठावरच्या लोकांना सांगतो, पेन हम बनात हैं, दद्दा तो बस पकरें रहत हैं. इंदुमती त्यावर मान डोलावते. मला राग येतो, पण होडी थांबली की मीच त्याला म्हणतो, हलव.