पुरवणी प्रश्न

"ताई, तुम्ही मंदारच्या मागे बसा. काही लागलं तर चिठ्ठी सरकवा. बोलू नका."

नाना हे सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणजे खासदारसाहेब, दोन पाहुणे, मंदार आणि चहा देणाऱ्या मावशी. साहेबांच्या पुण्यातल्या कार्यालयाचे नाना प्रमुख. मी आणि मंदार संसदीय सहायक. हुद्दा एकच. त्याला टेबलाशी खुर्ची, मला भिंतीला लावलेलं स्टूल.

राज्यशास्त्रात एम.ए., विद्यापीठात दुसरी. नोकरी लागली तेव्हा बाबांनी खडकीच्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले. कारखान्यातल्या फिटरची पोरगी संसदेचं काम करणार! पहिल्याच दिवशी नानांनी विचारलं, "आडनावावरून काही कळत नाही. मूळचे कुठले तुम्ही?" मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. "असं, असं," म्हणाले. "मग शिष्यवृत्ती, वसतिगृहं, ते तुमचे विषय तुम्ही बघा. आयटी, दूरसंचार मंदार बघेल." अहो, माझा एम.ए.चा लघुप्रबंधच दूरसंचार धोरणावर! पण मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची अजून चीड येते.

मंदार दुष्ट नव्हता. आळशी होता, आणि त्याचे मामा नानांचे मित्र होते. अख्खं शहर तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होतं. साहेबांना त्यावर प्रश्न हवा होता. मंदारला काही सुचेना. शेवटी मी लिहिला: नोकऱ्या देऊ म्हणून करात सवलत घेतलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी कायमच्या नोकऱ्या किती दिल्या? त्यासाठी तीन आठवडे मंत्रालयांची जुनी उत्तरं चाळून टिपण तयार केलं. नानांनी त्यावरचं माझं नाव काढून मंदारचं घातलं. वर म्हणाले, "सगळ्यांचं मिळूनच काम असतं ना."

तो प्रश्न सोडतीत वर आला. म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार आणि साहेब त्यावर पुरवणी प्रश्न विचारणार. त्याचीच ही तालीम. नाना मंत्री झाले होते.

"ही माहिती राज्य सरकारांकडून मागवली आहे," नाना थाटात म्हणाले.

साहेबांनी मंदारकडे पाहिलं. "आता मी काय विचारायचं?"

मंदारनं मान न वळवता हात मागे केला.

उत्तर मला पाठ होतं. मागच्या अधिवेशनात त्याच मंत्रालयानं लेखी कबूल केलं होतं की कंपन्या दरवर्षी अहवाल थेट त्यांनाच पाठवतात. राज्यांचा संबंधच नाही. चिठ्ठी लिहूनही झाली होती. पण तो मागे आलेला हात बघून माझं डोकंच फिरलं.

"ताई, चिठ्ठी द्या," नाना म्हणाले.

"नाही देणार. टिपण मी लिहिलंय. मला विचारा."

नाना हसले. "माणसानं आपली पायरी ओळखावी. तुम्हाला इथे घेतलं हेच पुष्कळ झालं."

हेच पुष्कळ! मी उठले. टेबलाजवळची रिकामी खुर्ची ओढली, बसले आणि साहेबांना सगळं सांगितलं. एकामागून एक तीन पुरवणी प्रश्न. साहेबांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "छान. पण वडीलधाऱ्यांशी असं बोलू नये. नानांची माफी मागा."

मी मागितली नाही. सोमवारी नानांनी दारातच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पुढे प्रश्न सभागृहात गाजला. पेपरात साहेबांशेजारी मंदारचा फोटो आला. तो बघून मी रडले. दुःखानं नाही, संतापानं.

आता विधिमंडळ सचिवालयातल्या जागांची जाहिरात आली आहे. अर्जात एक रकाना आहे: आधीची नोकरी सोडण्याचं कारण. आई म्हणाली, "घरगुती अडचण लिही गं बाई. खरं लिहिलंस आणि त्यांनी नानांना फोन करून विचारलं म्हणजे?" तिची भीती खोटी नाही.

मी लिहिलं: 'माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव घातलं. मी ते सर्वांसमोर नाकारलं. माफी मागितली नाही, म्हणून काढून टाकलं.' रकान्यात मावेना, समासात गेलं. तसाच अर्ज रजिस्टर पोस्टानं टाकून आले. करू देत फोन. मुलाखतीला बोलावलं तर तोंडावर हेच सांगणार. नाही बोलावलं, तर पुढच्या अर्जातही हेच लिहिणार.