सुट्टीचे डबे

आमच्या भावजयीच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलचे चार डबे ओळीने मांडलेले आहेत. सगळे एका मापाचे, झाकणावर ठेकेदाराचं नाव कोरलेलं. ते दिसले की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मी बसमध्ये कंडक्टर आहे, चिडणं हा माझ्या नोकरीचा भागच आहे. पण प्रवाशावरची चीड पुढच्या स्टॉपवर उतरते. ही उतरत नाही.

भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या तळघरात ठेकेदारामार्फत कामाला होती. ऑपरेशनला आणि बाळंतपणाला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, नाळेचे चाप तिथे धुऊन, मोजून, कापडात बांधून मोठ्या वाफेच्या यंत्रात घालतात. प्रत्येक गाठोड्यावर एक चिकटपट्टी असते. वाफ नीट बसली की पट्टीवरच्या रेघा काळ्या पडतात आणि मगच ते गाठोडं वर जातं. हिने बांधलेलं गाठोडं वरून कधी परत आलं नाही, म्हणून तिथल्या बायका तिला 'बिनचूक' म्हणत. घरीही तोच खाक्या. गॅस बंद केला तरी दोनदा बघणार, कुलूप लावलं तरी ओढून बघणार. आणि नवरा मिळाला माझा भाऊ! फ्रीज दुरुस्त करतो आणि कुठल्याही प्रश्नावर "होऊन जाईल गं" म्हणतो. फ्रीजचं होऊन जातं, बाकीचं हिलाच करावं लागतं.

पहिल्या खेपेलाही तो 'होऊन जाईल' म्हणाला होता. मुलगी सातव्या महिन्यातच झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. रोज सकाळी काउंटरवरचा माणूस पैसे भरा म्हणायचा आणि माझा भाऊ रोज कोणाकोणापुढे हात पसरायचा. आधी त्याची मोटरसायकल गेली, मग हिच्या बांगड्या गेल्या, आणि मग पोरगीही गेली.

त्यानंतर ही बाई रडली, आजारी पडली, उठली आणि त्याच हॉस्पिटलच्या तळघरात नोकरीला लागली. मी म्हटलं, "अगं, तुला दुसरी जागा मिळाली नाही? त्या दारातून रोज आत कशी जातेस?"

"ताई, तिथल्या कामगारांना विमा आहे," ती म्हणाली. "पुढचं मूल विम्याशिवाय नाही. आणि डॉक्टर म्हणालेत, पुढची खेपही अवघड असेल, काचेची पेटी असेल तिथेच जा. ती इथेच आहे."

पहिली काही वर्षं मुलाचा विषयच नको म्हणायची. मगची घेतलेली उसनवारी फेडण्यात गेली. विम्याचा हप्ता मात्र प्रत्येक पगारातून कापला जात होता, त्यात कधी खंड पडला नाही. कापून घेणाऱ्यांचं काम किती चोख असतं बघा!

गेल्या वर्षी तिने ठरवलं. आता वय हातातून चाललंय. आधी किडलेली दाढ काढून घेतली, रक्त तपासलं, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या गोळ्या सुरू केल्या. माझ्या भावाची सिगारेट बंद केली, तेव्हा तो चार दिवस माझ्याकडे येऊन कुरकुरत होता. बाहेरच्या विमा एजंटालाही ती विचारून आली. तो म्हणाला, "नवी पॉलिसी घ्या, पण बाळंतपणाला तीन वर्षं थांबावं लागेल." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन वर्षं? अहो, तुम्ही तीन महिनेसुद्धा थांबू नका." एक म्हणतो थांब, दुसरी म्हणते थांबू नको, आणि दोघांची फी ही भरणार. ती मात्र निश्चिंत होती. कामावरच्या विम्यात अट एवढीच होती, की बाळंतपणाची नोंद करण्याआधी बारा महिने सलग नोकरी हवी. तिची तर चार वर्षांहून जास्त झाली होती.

तरीही बिनचूक ती बिनचूक. एकदा काउंटरवर विचारून खात्री करू म्हणाली आणि माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन गेली.

विम्याच्या खिडकीत टाय लावलेला एक मुलगा बसला होता. त्याने तिचा नंबर टाकला आणि म्हणाला, "अजून एक महिना थांबा मॅडम. तुमचे अकरा महिने झालेत."

ती हसली. "अकरा? अहो, मी चार वर्षांच्या वर आहे इथे."

"सलग नाही ना. तुम्ही दर वर्षी शाळांच्या सुट्टीत नोकरी सोडता आणि पुन्हा नव्याने लागता."

"सोडते कुठे? आम्हाला सुट्टी देतात."

"तो ब्रेक असतो मॅडम. ठेकाच अकरा महिन्यांचा आहे."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मला वाटलं, अकरा आणि बारामधल्या त्या एका महिन्यामुळे असेल. तसं नव्हतं. बाहेर बाकावर बसून तिने सांगितलं ते ऐकून मी हादरले.

पूर्वी म्हणे ठेकेदार हा ब्रेक एकेकीला, मनात येईल तेव्हा द्यायचा. अचानक सांगायचा, उद्यापासून महिनाभर येऊ नको. बायकांची तारांबळ उडायची. तेव्हा हीच उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, सुट्टी द्यायचीच तर सगळ्यांना एकदम द्या, आणि शाळा बंद असतात तेव्हा द्या. पोराबाळांसोबत राहता येईल." स्वतःच्या घरात पोर नाही, पण मागितलं दुसऱ्यांसाठी. ठेकेदार ताबडतोब हो म्हणाला. वर दर वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला एकेक डबा द्यायला लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिला खुर्चीवर बसवून फोटो काढला.

"ताई, मी भांडून मिळवली हो ती सुट्टी," ती म्हणत राहिली. "मी भांडून मिळवली."

मला त्या क्षणी ठेकेदाराचा गळा धरावासा वाटला. चार वर्षं हप्ता घ्यायचा, आणि बारावा महिना उगवूच द्यायचा नाही! म्हणजे त्या तळघरातली एकही बाई कधीच या विम्यात बसणार नव्हती. रोज दुसऱ्या बायकांच्या बाळंतपणाची गाठोडी बांधायची आणि आपल्या बाळंतपणाला आपण कायमच्या नव्या. पाळणा हलायच्या आधीच दोरी काढून घ्यायची, आणि वर डबा द्यायचा हसत हसत. निर्लज्ज.

त्या वर्षीचा ब्रेक तीन दिवसांवर होता. तो टळला तर पुढच्या महिन्यात तिचे बारा पूर्ण होणार होते. नाही टळला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ तिच्या शरीराकडे नव्हता. तिने सगळ्या बायकांना हे जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. सगळ्या हात धुऊन कामाला लागल्या. एकीला नुकतेच दिवस राहिले होते, ती नुसती भिंतीकडे बघत राहिली.

आदल्या दिवशी ठेकेदार डबे घेऊन आला. ही म्हणाली, "साहेब, सुट्टी नको." तो हसला. "मग नोकरीही नको का?" सगळ्या बायकांनी मुकाट्याने डबे घेतले. हिनेही घेतला. संध्याकाळी तिने हे सांगितलं तेव्हा मी त्या बायकांना मनसोक्त शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गणवेश घालून निघाली. मी रजा टाकून सोबत गेले. वॉचमनने फाटक उघडलं नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळाने कोपऱ्यावरून ती दिवस राहिलेली मुलगी आली. गणवेशात. मग तिच्यामागे दोघी. मग घोळका. प्रत्येकीच्या हातात ठेकेदाराचा नवा डबा, आणि डब्यात जेवण.

"डबा दिलाय तर खायला नको का?" त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली. "कामावर आलोय आम्ही. फाटक उघडा म्हणावं."

आदल्या दिवशीच्या शिव्या मी गिळल्या.

ब्रेकच्या महिन्यात ठेकेदार दुसऱ्या हॉस्पिटलातून चार बायका आणून काम रेटायचा. त्या चौघी फाटकापाशी आल्या, आम्हाला बघून थबकल्या, विचारपूस केली आणि तशाच कट्ट्यावर बसल्या. त्यांचाही ठेका अकराच महिन्यांचा होता. दुपार झाली तशी वरची गाठोड्यांची कपाटं रिकामी व्हायला लागली. शेवटी मेट्रन स्वतः खाली आल्या, मागे ठेकेदार घाम पुसत.

"लेबर रूममध्ये दोनच गाठोडी उरलीत," मेट्रन म्हणाल्या. "या आत."

भावजय उठून उभी राहिली. "मॅडम, हजेरी कालच्या पुढे लागेल का? ब्रेक न धरता?"

मेट्रननी ठेकेदाराकडे पाहिलं. तो दात ओठ खात होता. "लागेल," तो म्हणाला. "सगळ्यांची लागेल. हिची नाही. हिला मी आत घेणार नाही."

मी मेट्रनच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता बोलतील. त्या बाईने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बस, एवढंच. त्या घड्याळाचा मला आजही राग आहे.

बायका जागच्या हलल्या नाहीत. मावशी म्हणाली, "हिच्याशिवाय आम्ही येत नाही." मी म्हटलं, शाब्बास! आता बसू दे याला बोंबलत.

पण ही वळली आणि त्यांना म्हणाली, "वर बायका अडल्या असतील. दोन गाठोडी किती वेळ पुरणार? जा."

"अगं, आणि तू?" मावशी रडायलाच लागली.

"माझं मी बघते. जा म्हणते ना!" मग त्या दिवस राहिलेल्या मुलीचा हात धरून तिने स्वतः तिला फाटकाच्या आत सोडलं.

एकेक करून सगळ्या गेल्या. फाटक लागलं. तिने अर्धा राहिलेला डबा शांतपणे बंद केला. तो पाचवा डबा फळीवर नाही. ठेकेदाराची गाडी बाहेर पडली तेव्हा मी तो तिच्या हातातून ओढून काचेवर फेकला. काचेला तडा गेला. मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही.

यंदा त्या मुलीला मुलगा झाला. बारा महिने भरल्यावर तिने नोंद केली होती, विमा मंजूर झाला. तळघरातल्या कुणाचा मंजूर झालेला हा पहिलाच. भावजय बाळाला बघायला गेली, मीही गेले. मावशीने भरल्या डोळ्यांनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. हिने सवयीने त्याचं दुपटं सोडलं, पुन्हा नीट घट्ट बांधलं, कडा आत खोचली. मग बराच वेळ नुसती बघत बसली. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

मध्ये कित्येक महिने तिला कुणी कामावर घेतलं नाही. ठेकेदाराने सगळीकडे तिचं नाव सांगून ठेवलं होतं. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एक हॉस्पिटल आहे, तिथे लागली आहे. दोन बस बदलून जाते. तिथेही काचेची पेटी आहे, तिथेही विमा आहे, तिथेही बारा महिन्यांची अट आहे. कामावर घेताना तिने पहिला प्रश्न विचारला तो ठेका किती महिन्यांचा, हा. पूर्ण बारा महिन्यांचा आहे म्हणाले ते, हसून.

कधी कधी ती माझ्याच बसला असते. परवा तिकीट देताना मी विचारलं, "किती झाले गं?"

"पहिलाच चालू आहे, ताई," ती म्हणाली. "तिथे मी नवीन आहे ना."